'नळी वेगळी ठेव' म्हणणं म्हणजे नशा शिकवणं का?

सदाफुली | सोमवार, रात्री १०:४२

मुंबईच्या एका उपनगरात टीबीच्या कार्यक्रमात काम करते. पेशंटकडे जायचं, गोळ्या घेतोय का बघायचं, वजन, थुंकीचा नमुना, निक्षय पोषणचे (सकस आहारासाठी सरकार देतं ते) हजार रुपये खात्यात आले का, हे सगळं. माझ्या यादीतले चौघं रेल्वेच्या पुलाखाली राहतात. पत्ता म्हणून मी रजिस्टरमध्ये 'खांब क्र. ३' असं लिहिलंय. चौघंही गर्द (ब्राउन शुगर, म्हणजे हेरॉइनच) ओढतात.

मागच्या आठवड्यात गेले तेव्हा चालूच होतं. सिगरेटच्या पाकिटातली चंदेरी पन्नी, तिच्यावर घरंगळणारा तपकिरी थेंब आणि त्या थेंबामागे पळणारी नळी. नळी म्हणजे दहाच्या नोटेची सुरळी, टोक जळून काळं झालेलं. एका नळीवर चार तोंडं. त्यातल्या एकाची थुंकी पॉझिटिव्ह आहे (त्याला राजू म्हणू, नाव बदललंय) आणि दुसरा नुकताच बरा झालाय.

माझ्या तोंडून पटकन गेलं, "अरे, निदान स्वतःची नळी तरी वेगळी ठेव."

बरोबरच्या सहकाऱ्याने परतीच्या वाटेवर मला झापलं. म्हणे, तू त्याला ओढू नको सांगायचं सोडून कसं ओढायचं ते शिकवतेस. कुणी व्हिडिओ काढला तर नोकरी जाईल. दोन रात्री डोक्यात तेच आहे. माझं चुकलं का?

---

कोकणी_काका | रात्री १०:५५

जागा धरून ठेवतो. हा धागा शंभरी गाठणार. पॉपकॉर्न कुणाला?

---

परखड | रात्री ११:१०

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. चुकलं. चोराला "कुलूप फोडताना बोट सांभाळ" म्हणण्यातला प्रकार आहे हा. माझा सख्खा चुलतभाऊ यात गेला. घरातली पितळेची समई विकली, काकूची पाटली विकली. त्याला 'सुरक्षित' ओढायला शिकवून काय झालं असतं? आणखी दोन वर्षं पुरला असता आणि आणखी दोन भांडी गेली असती. या लोकांना एकच भाषा कळते.

---

मुक्ता_म | रात्री ११:३१

परखड, तुमच्या घरी जे झालं त्याबद्दल वाईट वाटलं. पण "आणखी दोन वर्षं पुरला असता" हे वाक्य मी तीनदा वाचलं.

माझा भाऊ त्या आणखी दोन वर्षांतच सुटला. आधी तीन वेळा ॲडमिट झाला, तिन्ही वेळा घरी येऊन महिन्याभरात परत सुरू. चौथ्यांदा टिकला. तिसऱ्या आणि चौथ्या वेळेमध्ये तो मेला असता तर आम्हीही म्हटलं असतं की काही उपयोग नाही या लोकांचा.

---

लीड्सकर | मंगळवार, पहाटे ४:१८

(इकडे अजून सोमवारच आहे.) मी इंग्लंडमध्ये औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. आमच्या काउंटरखाली सुयांचे संच असतात तसेच पन्नीचेही असतात. सप्टेंबर २०१४ पासून इथे कायद्यानेच पन्नी देता येते, मात्र त्या माणसाला उपचाराकडे वळवण्याच्या कामाचा भाग म्हणून. हिशेब साधा आहे. सुई टोचणाऱ्याला ओढण्यावर आणलं तर रक्तातून पसरणारे आजार कमी होतात, गळवं होत नाहीत, शिरा वाचतात.

गंमत अशी की क्रॅक (कोकेनचे खडे) ओढायचा काचेचा पाइप मात्र त्याच कायद्यात अजून बसत नाही. पन्नी दिली तर मी आरोग्यसेवक, पाइप दिला तर गुन्हेगार. पहिल्यांदा पन्नी दिली तेव्हा माझे हात थरथरले होते. आईला अजून सांगितलेलं नाही. ती सगळ्यांना सांगते, मुलगा क्रोसीन विकतो.

---

कोकणी_काका | सकाळी ७:०२

@लीड्सकर, आई हा धागा वाचत असेल तर? हलके घ्या.

---

वऱ्हाडी_मिरची | सकाळी ८:२०

अवांतर आहे पण लिहितोच. आमच्या आज्याची चिलीम होती, नुसत्या तंबाखूची. मातीची, खालच्या तोंडाला छापी, म्हंजे ओलं फडकं, गुंडाळलेली. पाराशी पाच-सहा म्हातारे बसत अन् चिलीम फिरे. पण भौ, एक गोष्ट पाहून ठेवा, चिलमीला ओठ कोणीच लावत नव्हतं. दोन्ही हातांची पोकळ मूठ करायची, तिच्यात चिलीम उभी धरायची अन् अंगठ्यापासच्या फटीतून ओढायची. तोंड आपल्याच हाताला लागते.

मी लहानपणी समजत होतो का हे लय स्वच्छतेचं काम हाये. मोठा झालो तवा कळलं, बाजूच्या वस्तीतला गडी आला का त्याच्यासाठी चिलीमच दुसरी होती. ती गोठ्याच्या वळचणीला खोचून ठेवत. म्हंजे साहित्य वेगळं ठेवाची अक्कल आपल्याकडं पिढ्यान् पिढ्या होती. जंतूंसाठी नव्हे, जातीसाठी.

---

सदाफुली | सकाळी ८:४४

@वऱ्हाडी_मिरची, शेवटची ओळ वाचून चहा गार झाला.

---

रिकामटेकडा | सकाळी ९:१५

छापी की साफी? आमच्याकडे कुंभमेळ्यात साधू साफी म्हणतात.

---

वऱ्हाडी_मिरची | सकाळी ९:२१

साफी हिंदीतली. आमच्या घरी छापीच. अन् ती धुवाचं काम आजीकडं होतं, त्याच्यावर येगळा धागा निघंन.

---

पश्चिमवारा | सकाळी ११:०५

कॅनडात, व्हँकुव्हरमध्ये नर्स आहे. गेली सहा वर्षं डाउनटाउन ईस्टसाइड भागात काम करतेय. सदाफुली, तुम्ही जे एका वाक्यात बोललात त्याचे आम्ही संच बांधतो. एका पाकिटात उष्णता सोसणारी काचेची नळी, तिच्या तोंडाला लावायचा रबराचा तुकडा, पितळेच्या बारीक जाळ्या.

जाळ्या कशाला? जाळी नसली की लोक भांडी घासायची तारेची घासणी तोडून नळीत कोंबतात. ती जळून तुटते आणि तुकडे श्वासाबरोबर घशात जातात. मी एका बाईच्या टाळूवरून असा तुकडा चिमट्याने काढलाय. रबर नसेल तर तापलेल्या काचेने ओठ भाजतात, चिरतात. तीच नळी पुढच्याच्या फुटक्या ओठाला लागली की हेपटायटिस सी ला वाट मिळू शकते. साधी बाटली, बल्ब, कोल्ड्रिंकचा कॅन वापरणारेही बघितलेत. प्लॅस्टिक आणि रंग तापल्यावर काय छातीत जातं ते वेगळं सांगायला नको.

आता परखड यांच्यासाठी. इथे इन्साइट नावाचं केंद्र २००३ साली निघालं, जिथे नर्सच्या नजरेखाली सुई टोचता येते. उत्तर अमेरिकेतलं ते पहिलं अधिकृत केंद्र. तेव्हा सगळं लक्ष सुईवर होतं. दरम्यान मालात हेरॉइनपेक्षा कैकपट जहाल फेंटानिल आलं, २०१६ मध्ये प्रांताने आणीबाणी जाहीर केली, आणि आता विषारी मालाने मरणाऱ्यांत सर्वात जास्त लोक ओढणारे असतात. सुई नाही म्हणजे धोका नाही, हा समज आम्हाला फार महाग पडला. तेव्हा पन्नी म्हणजे 'सुरक्षित' असं लिहू नका. कमी धोक्याची, एवढंच.

---

परखड | दुपारी १२:३०

म्हणजे इतकी पाकिटं वाटून माणसं मरताहेतच ना?

---

पश्चिमवारा | दुपारी १:१०

हो. मरताहेत. पाकीट विष काढून टाकत नाही. ते ओठ, घसा आणि यकृत वाचवायला आहे, आणि पाकीट घ्यायला माणूस माझ्या टेबलापर्यंत येतो. नालॉक्सोनचं (ओव्हरडोस उतरवणारं औषध) शिक्षण मी तिथेच देते. मारामारी सोडवताना हेल्मेट का नाही वाढलं असं विचारल्यासारखा तुमचा प्रश्न आहे.

---

रिकामटेकडा | दुपारी १:१४

शेवटची उपमा कळली नाही.

---

पश्चिमवारा | दुपारी १:१६

मलाही नाही कळली. बारा तासांची ड्युटी संपवून लिहितेय. सोडून द्या.

---

कायदेबाज | दुपारी ३:४०

सदाफुलीताई, नोकरीच्या भीतीपुरतं. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात गर्द घेणं हाच गुन्हा आहे. कलम २७, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच कायद्यात कलम ६४अ आहे. थोड्या प्रमाणात सापडलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. पोलिसांनी धरल्यावर हे कलम माहीत असलेला माणूस बरोबर असला तर फरक पडतो, तेव्हा तुमच्या डायरीत लिहून ठेवा.

राहिलं 'उत्तेजन'. एड्स नियंत्रणाच्या कार्यक्रमात टोचणाऱ्यांना नव्या सुया सरकारी पैशातून दिल्या जातात. गर्दची तलफ भागवणारी बुप्रेनॉर्फिनची गोळी सरकारी केंद्रात जिभेखाली दिली जाते. सरकार सुई देतं, मग तुम्ही 'नळी वेगळी ठेव' म्हणालात म्हणून आकाश कोसळणार नाही. वरिष्ठांच्या कानावर मात्र आधीच घाला. व्हिडिओ निघाल्यावर सांगण्यापेक्षा बरं.

---

गृहिणी_गृहसचिव | दुपारी ४:०२

ही १९८५ च्या आधीची गोष्ट नव्हे का, की गर्द मुंबईत आलं ते ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला? माझे वडील डोंगरीत शिकवायचे. म्हणायचे, अमुक वर्षापर्यंत मुलं पळून जायची ती सिनेमाला, नंतर पुडीला. वाण्याकडे टोक जळालेली नोट आली की वाणी आईला बोलावून दाखवायचा. तेव्हा मला वाटायचं, नोट देवापुढच्या निरांजनात पडली असेल.

---

मुक्ता_म | दुपारी ४:३०

हो, त्याच लाटेत. पुण्याचं मुक्तांगणही त्यातूनच उभं राहिलं, १९८६ साली. अनिल अवचटांनी गर्दवर लिहिलं, पुलं आणि सुनीताबाईंनी पैसे दिले आणि डॉ. अनिता अवचटांनी ते चालवलं. माझा भाऊ चौथ्यांदा टिकला तो तिथेच.

---

अनामिक_मासा | मंगळवार, रात्री ११:५८

अकरा वर्षं झाली सोडून. या आयडीने पहिल्यांदाच लिहितोय, नेहमीच्या आयडीने लिहिणार नाही.

ताई, तुम्ही नळी बघितली. चादर बघितली का?

पन्नीवर वारा चालत नाही. ज्योत हलली की थेंब जळून जातो आणि धूर उडून गेला की पैसे उडाले. घरात असलो तर पंखा बंद, खिडकी बंद, दाराखाली टॉवेल. बाहेर असलो तर डोक्यावरून चादर. तीन-चार जणं एका चादरीत, डोक्याला डोकं लावून. एक जण धूर आत धरून बसलेला, दुसरा खोकतोय, तिसरा नळीची वाट बघतोय. आत इतकं गरम व्हायचं की कपाळावरचा घाम पन्नीवर पडायचा आणि त्यावरून मारामाऱ्या व्हायच्या. आमच्या चादरीतल्या पाचांपैकी तिघांना टीबी झाला. मला नाही झाला, का ते देवाला ठाऊक.

स्वतःची नळी माझ्याकडे होती. बॉलपेनची, पितळी टोकाची. मी फार स्वच्छ गर्दुल्ला होतो.

---

फुफ्फुसवाला | बुधवार, सकाळी ६:५०

कालपासून वाचत होतो, या प्रतिसादाने लिहायला बसवलं. छातीरोगाचा डॉक्टर आहे.

मासा यांनी नेमकं बोट ठेवलंय. सदाफुली, तुमचा सल्ला चुकीचा नव्हता, पण टीबीसाठी तो फारसा कामाचा नाही. टीबी उष्ट्या भांड्यातून, चमच्यातून, नळीच्या टोकावरून पसरत नाही. तो पसरतो हवेतून. खोकणाऱ्याने सोडलेले बारीक कण कोंडलेल्या जागेत तरंगत राहतात आणि शेजारचा ते आत घेतो. नळी वेगळी ठेवून चादर एकच असेल तर टीबीला काहीही फरक पडत नाही. पश्चिमवारा यांनी लिहिलेल्या ओठांच्या जखमा आणि हेपटायटिस यासाठी नळी वेगळी हवीच, तो सल्ला मागे घेऊ नका.

अमेरिकेत सिएटलला २००४ साली टीबीची साथ निघाली होती. ती मुलं मित्रांबरोबर गाडीत बसून, काचा लावून गांजा ओढायची, म्हणजे धूर वाया जाऊ नये. तुमची चादर म्हणजे तीच गाडी, बिनचाकाची.

आणखी एक, कारण वर 'ओढणं बरं' असा सूर लागलाय. १९८२ मध्ये ॲमस्टरडॅमकडे पन्नीवर हेरॉइन ओढणाऱ्या ४७ जणांच्या मेंदूतला पांढरा भाग खराब झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं. चालणं लटपटतं, बोलणं अडखळतं. दुर्मीळ आहे, आणि नेमकं कोणत्या घटकाने होतं ते तेव्हाही सापडलं नाही, नंतरही नाही. पेशंट अडखळत बोलायला लागला तर 'आज जास्त झालीय' म्हणून सोडून देऊ नका.

---

सदाफुली | बुधवार, सकाळी ७:३५

चादर आहे. हिरवी, चौकडीची. मीच दिली होती डिसेंबरात, थंडीसाठी.

---

कोकणी_काका | सकाळी ७:४०

...

---

परखड | सकाळी ८:१०

ताई, त्यात तुमचा दोष नाही.

---

सदाफुली | गुरुवार, रात्री ९:२०

आज गेले होते. राजूला चादरीचं समजावलं. तो हसला. म्हणाला, "मॅडम, उघड्यावर बसलो तर माल वाऱ्यावर. मग तुम्हीच वाऱ्याचं काहीतरी करा." लोकल गेली की पुलाखालून भपकन वारा येतो, तोही दोन्ही बाजूंनी. म्हणजे दर चार मिनिटांनी.

आणि दुसरी कटकट. राजूने टीबीच्या गोळ्या आठ दिवसांपासून सोडल्यात. म्हणतो, "ती लाल गोळी घेतली की टर्की येते", म्हणजे नशा तुटल्यासारखा त्रास. मी त्याला रागावले. आधी उलटी होते म्हणायचा, मग उपाशीपोटी जळजळते, आता हे नवीन कारण.

---

स्थापत्यकार | रात्री ९:४८

वाऱ्याचा प्रश्न सुटण्यासारखा आहे. खांबाची रुंदी किती? खांबाला लागून, रुळांच्या काटकोनात बसलं तर मागे शांत पट्टा मिळतो. वरून उघडं, तीन बाजूंनी आडोसा, म्हणजे धूर आणि खोकला वर निघून जाईल.

---

लीड्सकर | रात्री १०:०५

पुठ्ठ्याचा खोका? फ्रिजचा?

---

स्थापत्यकार | रात्री १०:०९

पुठ्ठा आणि ज्योत? नको. भजीवाले स्टोव्हला लावतात तसा वाकवलेला पत्रा. दोन फूट उंच पुरे.

---

परखड | रात्री १०:१४

पत्रा नको. दुसऱ्या दिवशी भंगारात जाईल.

---

कोकणी_काका | रात्री १०:१६

मंडळी, जरा थांबा. सोमवारी "नशा शिकवणं का" हा विषय होता. आज गुरुवार, आणि आपण सगळे मिळून गर्दुल्ल्याला वारा लागू नये म्हणून आराखडे काढतोय. त्यात परखडसुद्धा! खिक्.

---

परखड | रात्री १०:२०

मी फक्त पत्रा टिकणार नाही एवढंच म्हणालो.

---

पश्चिमवारा | रात्री ११:३०

एक धोक्याची खूण करून ठेवते. "चादरीत बसू नका" याचा अर्थ त्यांनी "एकेकटे बसा" असा घेऊ नये. आमच्याकडे मरणारे बहुतेक एकटे असताना, बंद दाराआड मरतात. कुणी बघायला नसतं. एकत्र बसा, पण मोकळ्यावर, हातभर अंतराने, आणि कुणाचा श्वास मंदावला, ओठ निळे पडले तर हलवा, कुशीवर वळवा, ॲम्ब्युलन्स बोलवा. टीबी म्हणतो लांब बसा, ओव्हरडोस म्हणतो जवळ बसा. दोन्ही खरं आहे.

---

फुफ्फुसवाला | शुक्रवार, सकाळी ६:४०

वाऱ्याचं नंतर. सदाफुली, राजू बुप्रेनॉर्फिनच्या केंद्रावर जातो का?

---

सदाफुली | सकाळी ६:५८

हो, आधी टोचायचा. दीड वर्ष झालं, रोज सकाळी जिभेखालची गोळी घेतो. त्यामुळे ओढणं बरंच कमी झालं होतं, दिवसाआड वगैरे. गेल्या महिन्यात परत रोजचं झालं. का विचारता?

---

फुफ्फुसवाला | सकाळी ७:३०

कारण तो कारण सांगत नाहीये. तो खरं सांगतोय.

टीबीच्या औषधांत रिफाम्पिसिन असतं. लघवी लालसर करणारं तेच. ते यकृतातली औषधं फोडणारी यंत्रणा जोरात चालू करतं. मग बुप्रेनॉर्फिन नेहमीपेक्षा फार लवकर फुटून जातं. सकाळी घेतलेली गोळी दुसऱ्या सकाळपर्यंत पुरायची, ती आधीच संपते. नाक गळतं, जांभया, अंगावर काटा, पोटात मुरडा. म्हणजे टर्कीच. मेथाडोन या तशाच दुसऱ्या औषधाचंही असंच होतं. टीबीची गोळी सुरू केल्यावर आठ-पंधरा दिवसांत त्रास सुरू होतो. गेल्या महिन्यात ओढणं वाढलं म्हणालात ना? तारीख जुळवून बघा.

उपाय नळीत नाही आणि पुठ्ठ्या-पत्र्यातही नाही. टीबीचे डॉक्टर आणि बुप्रेनॉर्फिनचे डॉक्टर यांनी एकमेकांना फोन करायचा आणि त्याचा डोस वाढवायचा. उलट बाजूही लिहून ठेवा. टीबीचा कोर्स संपून रिफाम्पिसिन थांबलं की तो वाढवलेला डोस हळूहळू खाली आणावा लागतो, नाहीतर तोच जास्त होईल.

आणि गोळ्या नीट सुरू राहिल्या, जंतू औषधाला दाद देणारा असला, तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच संसर्ग पसरवण्याची ताकद झपाट्याने कमी होते. चादरीवर याच्याइतका इलाज दुसरा नाही.

---

अनामिक_मासा | सकाळी ७:५२

आमच्यात सगळे म्हणायचे, टीबीची गोळी गर्द 'कापते'. डॉक्टर हसायचे.

---

सदाफुली | सकाळी ८:०५

टीबीची गोळी सुरू: ४ तारीख. केंद्राच्या ताईंना विचारलं, "त्रास होतोय" म्हणून त्याने पहिल्यांदा सांगितलं: १५ तारीख. त्यांनाही वाटलं होतं की डोस वाढवून घ्यायची युक्ती आहे.

मी त्याला रागावले होते हो.

---

मुक्ता_म | सकाळी ८:११

जाऊन सांगा त्याला. एवढंच.

---

सदाफुली | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ८:१५

धागा वर काढतेय, कारण काहींनी व्यनि (खाजगी निरोप) करून विचारलं.

दोन्ही डॉक्टरांचं बोलणं व्हायला सहा दिवस लागले. एका इमारतीत पहिल्या आणि तिसऱ्या मजल्यावर बसतात. डोस वाढला. राजू गोळ्या परत घेतोय, मी स्वतः उभी राहून बघते. वजन दीड किलो वाढलंय. ओढणं बंद नाही, परत दिवसाआड झालंय.

वाऱ्याचं त्याने स्वतःच केलं. कुणीतरी लोकलमध्ये विसरलेली छत्री. दोन काड्या मोडलेल्या. मांडीवर तिरकी उघडून धरतो आणि तिच्या आडोशाला बसतो. छत्रीत दुसरं डोकं मावत नाही. बाकीचे हातभर अंतरावर आपापल्या पाळीची वाट बघत, त्याच्यावर नजर ठेवून. हिरवी चादर आता खाली अंथरलेली असते. स्थापत्यकार, तुमचा पट्टा बरोबर निघाला, खांबाच्या दक्षिणेला वारा खरंच कमी आहे.

नळी अजून दहाच्या नोटेचीच आहे. पण म्हणाला, "ही माझी नोट आहे, खर्च करत नाही."

आता बाकीच्या तिघांनाही छत्र्या हव्यात. ऑफिसात कुठल्या खात्यातून मागू? फेब्रुवारी चालू आहे, साहेब विचारतील पाऊस कुठाय.

---

कोकणी_काका | रात्री ८:२२

'ऊन' लिहा. एक माझ्याकडून.

---

परखड | रात्री ८:४०

एक माझ्याकडून. काळी घ्या, लांब दांड्याची. रंगीत असली की पळवतात.